म्हाळसाबाईंचा डावा डोळा

पाचोडच्या नव्या दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत कुणाचं चित्र लावायचं, यावर गावात वाद झाला नाही. एरवी पाण्याच्या टाकीला कोणता रंग द्यायचा यावरूनही तिथं दोन पार्ट्या पडत. पण इथं नाव एकच निघालं. पंचायतीत बसलेल्या अर्ध्या माणसांना जन्मताना पहिली चापट म्हाळसाबाई नर्सनं मारली होती, आणि उरलेल्यांच्या पोरांना.

बाई नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. मोसंबीच्या बागा असलेले काकासाहेब म्हणाले, "फोटो नको. फोटो पाच-सहा वर्षांत पिवळा पडतो. ऑइलपेंट करू. माझ्या थोरल्याच्या वक्ताला या बाईनं माझ्या बायकोला वरून माघारी आणलंय." आणि दुसऱ्याच दिवशी ते औरंगाबादला, खडकेश्वरला, त्रिंबक मास्तरांच्या घरी येऊन बसले.

त्रिंबक शाळेत चित्रकला शिकवायचा. सगळं शहर त्याला मास्तरच म्हणे. उरलेल्या वेळात तो तैलचित्रं काढी, पण ती बहुतेक मेलेल्या माणसांची. घरचे लोक लग्नाच्या गर्दीतला एखादा जुना फोटो घेऊन येत आणि म्हणत, यातला हा मागचा, जरा फेटा बांधा आणि मिशी भरदार करा. जिवंत माणूस समोर बसवून, कोळशाच्या पहिल्या रेघेपासून शेवटच्या हातापर्यंत चित्र काढायचं भाग्य त्याला कॉलेज सुटल्यापासून दोनदा-तीनदाच लाभलं असेल. त्यानं काकासाहेबांना एकच अट घातली. बाईंना माझ्यासमोर येऊन बसावं लागेल.

गणपती उठल्यावर म्हाळसाबाई आल्या. त्यांचा भाचा सांडू वाळूजला कंपनीत होता, मुकुंदवाडीत राहत होता. रिटायर झाल्यापासून बाई त्याच्याकडेच असत आणि अधूनमधून पाचोडला जात. सांडूनं त्यांना मोटारसायकलवरून आणून सोडलं आणि तो ड्युटीवर पळाला.

"किती येळ बसायचं?" बाईंनी विचारलं.

"दोन तास तरी. मधून चहा घेऊ."

"एवढ्यात मी एखादं बाळंतपण उरकलं असतं, मास्तर."

त्रिंबकनं त्यांना उत्तरेच्या खिडकीजवळ खुर्चीत बसवलं. खुर्चीच्या पायांभोवती फरशीवर ऑइलपेंटच्या बारीक खुणा केल्या, म्हणजे पुढच्या वेळी खुर्ची तिथंच यावी. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर नजर ठेवायला सांगितलं. आपण उभं राहायची जागाही आखून घेतली. मग मोठ्या कागदावर कोळसा धरला.

चेहरा असा की हात आपोआप चालावा. रुंद गालफडं, कपाळावर गोंदण, हनुवटीवर तीन हिरवे ठिपके. निळ्या काठाचं पांढरं लुगडं. बाई धनगराच्या घरातल्या, लहानपण मेंढरांमागं फिरण्यात गेलेलं. उन्हानं कातडी अशी शेकलेली की सावलीतही तांबूस दिसे. आणि डोळे. समोरचा माणूस आता काय करणार आहे, हे आधीच ओळखून बसलेले. त्रिंबकनं लांब हात करून ब्रशच्या दांड्यावर अंगठ्यानं मापं घेतली. केसांपासून भुवईपर्यंत, भुवईपासून पापणीपर्यंत, पापणीपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत. प्रत्येक माप दोनदा तपासलं. चित्रकलेत तो फार मोठा नसेल, पण मापात कधी चुकत नसे.

रेखाटन संपल्यावर बाईंनी ते पाहिलं.

"नाक लई मोठं केलं."

"तेवढंच आहे, बाई."

"व्हय, असंल. बापाचं हाय."

त्यानंतर शाळेच्या परीक्षा आल्या, चित्रकलेच्या ग्रेडच्या परीक्षा आल्या, दिवाळी आली. मधल्या काळात त्रिंबकनं कॅनव्हास ताणला, त्यावर पांढरा थर दिला, वाळवून घासला, रेखाटन जसंच्या तसं त्यावर उतरवलं आणि टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या तपकिरी रंगात सावल्या घालून ठेवल्या. घरभर टर्पेंटाइनचा आणि जवसाच्या तेलाचा वास भरून राहिला. त्याची बायको सुगंधाबाई म्हणायची, वरणालासुद्धा चित्राचा वास येतोय.

दिवाळीनंतर बाई पुन्हा यायला लागल्या. आता अंगाचे रंग भरायचे होते. पहिल्या बैठकीत कपाळ झालं, दुसऱ्या बैठकीत गाल आणि नाक. त्याच दिवशी चहा झाल्यावर बाईंनी कप स्टुलावर ठेवला, तो स्टुलाच्या कडेबाहेरच ठेवला गेला. फरशीवर पडून फुटला. सुगंधाबाई म्हणाली, असू द्या, जुनाच होता. बाई आपल्या हाताकडे बघत राहिल्या.

"हात म्हातारा झाला," त्या म्हणाल्या.

उजवा डोळा एका बैठकीत उतरला. इतका सहज की त्रिंबक मनातून हरखला. पण डावा डोळा काही केल्या बसेना. रेखाटनाप्रमाणे काढावा तर समोरच्या बाईंचा वाटेना. समोर बघून काढावा तर तो रेखाटनाच्या रेघेबाहेर जाई, खाली उतरे. त्यानं चाकूनं रंग खरवडला. पुढच्या बैठकीत पुन्हा काढला, पुन्हा तेच झालं. पुन्हा खरवडला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. नवख्या पोरासारखा तो एका डोळ्यापाशी अडकून पडला होता, आणि बाई कॅलेंडरकडे बघत बसल्या होत्या.

त्याला भीती वाटली ती स्वतःच्या डोळ्यांची. आपलीच नजर गेली असणार. चित्रकाराच्या जिवाला हा घोर कायमचाच असतो. त्यानं बायकोला काही सांगितलं नाही. गुलमंडीवर चष्म्याच्या दुकानात जाऊन डोळे तपासून घेतले. तिथल्या माणसानं काचा बदलून बदलून अक्षरं वाचून घेतली आणि सांगितलं, मास्तर, जुनाच नंबर आहे, तुमच्या वयाला याहून चांगली नजर मिळायची नाही. त्रिंबक दुकानाबाहेर आला. त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण तो पानाच्या टपरीपाशी नुसता उभा राहिला. आपली नजर ठीक असेल, तर मग चुकतंय काय?

पुढच्या बैठकीला त्यानं ब्रश बाजूला ठेवला आणि नुसती मापं घेतली. खुर्ची खुणांवर होती. तो स्वतः आपल्या जागेवर उभा होता. नाक रेखाटनाशी जुळलं. ओठ जुळले. कान, हनुवटी, उजवा डोळा, सगळं गणपतीच्या वेळी जिथं होतं तिथंच होतं. फक्त डावा डोळा खाली होता. फार नाही. जोंधळ्याच्या दाण्याएवढा. त्यानं पुन्हा मोजलं. तेवढाच.

हाडाची बांधलेली कवटी, त्यातला एकच डोळा जागचा कसा हलेल?

बाईंच्या खांद्यावरून पदर घसरला होता. तो सारखा करायला म्हणून त्रिंबक खुर्चीमागं गेला, आणि वरून त्याची नजर त्यांच्या कपाळावरून खाली गेली. उजव्या बाजूला भुवईच्या पुढं काहीच दिसत नव्हतं. डाव्या बाजूला भुवईच्या पुढं पापणी आणि पापणीचे केस स्पष्ट बाहेर आलेले दिसत होते. आतून कुणीतरी बोटानं डोळा पुढं लोटत असावा तसे.

त्यानं पदर सोडून दिला.

"काय झालं?" बाईंनी मान न वळवता विचारलं.

तो पुढं आला. "बाई, एक करा. उजव्या डोळ्यावर हात ठेवा."

"कामून?"

"ठेवा तर."

बाईंनी उजवा डोळा तळहातानं झाकला.

"समोरचं कॅलेंडर दिसतंय?"

बाईंनी हात काढला, कॅलेंडरकडे पाहिलं, पुन्हा हात ठेवला. पुन्हा काढला. पुन्हा ठेवला, या खेपेला घट्ट दाबून. खिडकीबाहेर सकाळचं लख्ख ऊन पडलं होतं.

"मास्तर," त्या शेवटी म्हणाल्या, "तुमी कुठं हायेत?"

"समोरच आहे."

"समोर?"

"हात लांब केला तर लागेन."

बाईंनी डावा हात पुढं केला. तो हवेत थोडा चुकला, मग त्रिंबकच्या सदऱ्याला लागला. त्यांनी सदरा मुठीत धरला आणि तसाच धरून ठेवला. ज्या बाईच्या हातात अख्ख्या पंचक्रोशीनं डोळे मिटून आपल्या लेकीसुना दिल्या, तिच्या हातावर त्यानं आपला हात ठेवला.

"कधीपासून असं होतंय?" त्यानं विचारलं.

"मलाच काय इचारता? मला आत्ता कळलं." त्यांनी उजव्या डोळ्यावरचा हात काढला. "एका डोळ्यानं चाललंय, हे दुसऱ्याला कळतच नाय बगा. मला वाटायचं, सुई ओवता येत नाय म्हणजे वय झालं. पायरी चुकायची. परवा तुमचा कप फुटला."

"डोकं दुखतं?"

"सकाळी दुखतं. चहा घेतला की जातं." मग त्यांनी सुगंधाबाईला हाक मारून आरसा मागितला. आरसा जवळ धरून त्या नर्सच्या नजरेनं स्वतःच्या डोळ्याकडे बघत राहिल्या, जणू समोर दुसऱ्याच कुणाची केस आली होती. "हे सांडूला दिसलं नाय. त्याच्या बायकोला दिसलं नाय. मला तरी कसं दिसावं? मी आरशात बघते कव्हा? केस विंचरायला आरसा लागत नाय मला." आरसा त्यांनी मांडीवर पालथा ठेवला. "तुमाला कसं कळलं?"

त्रिंबकनं रेखाटन दाखवलं, खरवडलेला कॅनव्हास दाखवला. दोनदा खरवडल्यामुळं तिथं डोळ्याच्या जागी नुसता मळकट खळगा राहिला होता. बाईंनी त्या खळग्याकडे पाहिलं. सुगंधाबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सांडूनं कंपनीत खाडा केला. तिघं मिळून घाटीच्या सरकारी दवाखान्यात गेले. डोळ्यांच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी तपासलं, डोक्याचे फोटो काढायला पाठवलं. "हे कधी सुरू झालं?" असं त्यांनी विचारल्यावर कुणालाच सांगता येईना. तेव्हा त्रिंबकनं बगलेतली सुरळी उलगडून रेखाटन टेबलावर पसरलं. डॉक्टरबाई कधी कागदाकडे, कधी म्हाळसाबाईंकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "हे माझ्याकडे ठेवता का दोन दिवस?"

फोटो आले. डॉक्टरबाई जपून जपून बोलायला लागल्या. डोळ्याच्या मागं काहीतरी वाढलंय, मुंबईला दाखवलेलं बरं, तिथं अशा गोष्टींचे माहीतगार आहेत.

म्हाळसाबाई म्हणाल्या, "डॉक्टर, मी नर्स हाय. गोल गोल नका सांगू. गाठ हाय का?"

"आहे."

"डोळा ऱ्हाईल?"

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन बंद केलं. "मला नाही वाटत. गाठ मेंदूकडे सरकायच्या आत काढायला हवी. डोळ्यासकट काढावी लागेल. काढली तर तुम्ही जगाल, असं मी म्हणेन."

बाहेर व्हरांड्यात सांडू भिंतीला पाठ लावून खाली बसला. आईबाप लवकर गेल्यावर आत्यानंच त्याला वाढवलं होतं. "आत्या रोज माझ्यासमोर जेवायला बसते, मास्तर," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "रोज समोर बसते. मी काय बघत व्हतो?" बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ऊठ. लोकं मयत झालं समजतील."

डॉक्टरबाई रेखाटन परत देताना त्रिंबकला म्हणाल्या, "तुमच्यामुळं लवकर कळलं. तरी या गाठी सावकाश वाढतात. वर्षभर तरी ही आत असणार."

ते वाक्य त्रिंबकच्या डोक्यात घर करून बसलं. वर्षभर. पण रेखाटन तर अलीकडचं, गणपतीनंतरचं.

सकाळी खिडकीत उजेड आल्याबरोबर त्यानं रेखाटन भिंतीवर लावलं आणि पाठमोरं उभं राहून आरशातून बघितलं. सवयीच्या चित्रातली चूक आरशात उलटी दिसली की नजरेत भरते, हे कॉलेजातले सर शिकवत. आरशातल्या बाई त्याच्याकडे बघत होत्या. आणि डावा डोळा उजव्यापेक्षा जास्त उघडा होता. बुबुळाच्या खाली पांढऱ्याची बारीक कोर होती. दुसऱ्या डोळ्याला ती नव्हती. त्यानंच ती सोडली होती, कोळसा न लावता, कागद तसाच कोरा ठेवून. हातानं पाहिलं होतं आणि जसंच्या तसं उतरवलं होतं. त्याला स्वतःला मात्र पत्ता नव्हता.

तो मटकन स्टुलावर बसला. बाईंचा धडधाकट डोळा म्हणून रेखाटनातल्या ज्या डोळ्यावर तो विसंबून होता, तो डोळा पहिल्या दिवसापासूनच आजारी होता. त्या बाईंचा चांगला डावा डोळा त्यानं कधी बघितलाच नव्हता. आता कुणालाच तो बघायला मिळणार नव्हता.

मुंबईची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली. सांडू म्हणाला, आता घरी आराम कर. बाई म्हणाल्या, आराम तिथं खाटेवर हायेच की. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खडकेश्वरच्या खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसल्या.

"मास्तर, जायच्या आधी चित्र उरकून टाका. डोळा त्या दिवशीचा काढा, गणपतीतला. तो चांगला व्हता."

तोही चांगला नव्हता, हे त्रिंबकच्या ओठावर आलं होतं. पण त्यानं नुसतं "काढतो" म्हटलं आणि पॅलेटवर रंग काढायला घेतले.

आधी त्यानं उजवाच डोळा उलटा करून डावीकडे बसवून पाहिला. दोन्ही सारखे. डोळे सारखे झाल्याबरोबर चेहरा मेला, जत्रेतल्या बाहुलीसारखा झाला. त्यानं चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि पुसून टाकला. घाईत चिंधी गालावरही फिरली.

बाईंनी ते पाहिलं असावं. त्या कॅलेंडरकडे बघत, न हलता, बोलायला लागल्या. त्याला सावरायला बोलल्या की स्वतःला, देव जाणे.

"पोलीस ॲक्शन झाली ना मास्तर, निजामाचं राज गेलं, त्या साली आमची मेंढरं देवगाव रंगारीच्या शिवारात बसली व्हती. मी पंधरा-सोळाची असंन. दिवस बुडायला एक बाई आन तिचा म्हातारा सासरा वावरातून पळत आले. मुसलमान. त्यांचं घर जाळलेलं. नवरा कुठं हाय ते ठाव नाय. बाई मेंढवाड्यात शिरली आन तिथंच बसली. पोट एवढं. आमची आई आधीच मेलेली. बाप म्हणला, म्हाळसे, तूच कर, तुला मेंढ्यांचं जमतं."

त्रिंबकचा ब्रश थांबला.

"मेंढ्यांचं केलं व्हतं. बाईचं बघितलं बी नव्हतं. पण झालं. पोरगी झाली. अन् तिनं पहिला सूर काढायच्या आतच म्हाताऱ्यानं तिच्या तोंडावर हात दाबला. बांधावरून माणसं चालली व्हती, हातात काठ्या घेऊन. रडणं ऐकलं असतं तर आले असते. मी म्हाताऱ्याचा हात धरला. म्हणलं, रडली नाय तर मरंल ती. तो हात काढीना. मंग माझ्या बापानं काय केलं, कोकरांचे कान पिळायला सुरुवात केली. एकेकाचे. कोकरं वरडली, त्यांच्या माया वरडल्या, अख्खी मेंढरं वरडायला लागली. त्या गोंधळात म्या म्हाताऱ्याचा हात हिसकून काढला आन पोरगी रडली. बांधावरच्यांना काय बी कळलं नाय. एक जण वरडून म्हणला, लांडगा आला का रं? बाप म्हणला, व्हय, आला व्हता."

सुगंधाबाई दारात उभी होती, हातातला चहा निवून गेला होता.

"पुढं काय झालं त्यांचं?" त्रिंबकनं विचारलं.

"उजाडायच्या आत गेले. कुठं गेले, जगले का, काय ठाव नाय. मंग सरकारी दवाखाने निघाले, नर्सचं काम शिकायला बाया पायजेत म्हणले, बापानं मला नेऊन घातलं." त्यांनी किंचित मान हलवली, पुन्हा जागेवर आणली. "तुमी काढा. मी बोलले म्हणून थांबू नका."

"हे कुणाला सांगितलं नाही कधी?"

"कोन इचारतंय?"

त्रिंबकनं पुन्हा ब्रश घेतला. डोळे भरून आले होते म्हणून नीट दिसत नव्हतं, ते बाहीनं पुसले. मग रेखाटन जवळ ओढलं आणि त्यात जसा होता तसाच डोळा काढायला लागला. खालची पांढरी कोर त्यानं आता जाणूनबुजून ठेवली. समोर बसलेल्या बाईंचा डोळा रेखाटनातल्यापेक्षाही पुढं गेला होता, खाली झुकला होता, त्याच्याकडे तो मुद्दाम बघत नव्हता. वरची पापणी, पापणीची सावली, बुबुळातला खिडकीचा चौकोन. चौकोन पडल्याबरोबर चेहरा जागा झाला. त्रिंबक दोन पावलं मागं सरला. कॅनव्हासवरून म्हाळसाबाई त्याच्याकडे बघत होत्या, आणि खुर्चीतल्या म्हाळसाबाईंची डावी नजर कुठंच लागलेली नव्हती. दोघींकडे आळीपाळीनं बघणं त्याला सहन होईना. तो मोरीत जाऊन हात धूत राहिला, रंग निघून गेल्यावरही.

मुंबईला ऑपरेशन झालं. सांडूनं शेजारच्या दुकानात फोन करून कळवलं, आत्या शुद्धीवर आली, गाठ सगळी निघाली, डोळा गेला. त्रिंबक त्या दिवशी शाळेत पोरांना फळ्यावर फुलदाणी काढून देत होता. निरोप ऐकून तो पुन्हा फळ्याकडे वळला, पण फुलदाणीची दुसरी बाजू त्याला जुळवता येईना. त्यानं पोरांना मैदानावर सोडलं.

संक्रांत झाल्यावर पाचोडात कार्यक्रम ठरला. चित्र वाळलं होतं, वरून चकाकीचा हात दिला होता, सागाची चौकट घातली होती. बाजाराचा दिवस होता. दवाखान्याच्या अंगणात माणूस मावत नव्हतं. म्हाळसाबाई काळा चष्मा लावून आल्या, सांडूच्या हाताला धरून. त्यांना तसं पाहून बायाबापड्या मागं सरून वाट द्यायला लागल्या. ऑपरेशनची बातमी गावाला होती, पण ऐकणं निराळं. काकासाहेब भाषणाला उभे राहिले, दोन वाक्यं बोलले आणि त्यांच्यानं पुढं बोलवेना. त्यांनी सरळ पडदा ओढला.

लोक चित्राकडे बघत राहिले. मग चष्म्याकडे. कुणी टाळी वाजवली नाही. पुढं बसलेली एक म्हातारी, साळूबाई, उठून चित्राजवळ गेली आणि चित्रातल्या गालावर बोटं फिरवून तिनं कानशिलावर मोडली.

गर्दी ओसरल्यावर बाई चित्रासमोर गेल्या. चष्मा काढला. उरलेल्या डोळ्यानं त्यांनी ते चित्र अगदी जवळून, तुकड्यातुकड्यानं पाहिलं, टाके तपासावेत तसं. डाव्या डोळ्यापाशी थांबल्या. त्रिंबक मागं उभा होता.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "हा तवाच बिघडलेला व्हता व्हय?"

"व्हय," तो म्हणाला. "मला उशिरा कळलं. नीट करून पाहिला. तुम्ही दिसेनात."

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. "असू द्या. नर्सा शिकायला येतील इथं. त्यांना दाखवीन. अशी पापणी दिसली तर बाईला घरी धाडायचं नाय म्हणून."

सांडू काकासाहेबांसोबत जेवणाची पंगत बघायला गेला होता. त्रिंबकची बस होती. बाई म्हणाल्या, चला, स्टँडपर्यंत येते. दोघं बाजारातून निघाले. मिरच्यांचे ढीग, शेरडं, बांगड्यांच्या पाट्या, माणसांची रेटारेटी. चार पावलं गेल्यावर एका पोत्याचा धक्का बाईंना लागला, मग एका सायकलीचा. त्या थांबल्या.

"तुमी या बाजूनं चला, मास्तर. इकडून मला काय येतंय ते कळत नाय."

त्रिंबक त्यांच्या डाव्या बाजूला आला. गर्दी त्याच्या अंगावर घेत चालायला लागला. बाई पुढं बघत, कोणत्या घरी कोणतं मूल कसं झालं ते सांगत चालल्या होत्या. तो ऐकत होता, हुं म्हणत होता. चष्म्याच्या कडेतून आतली रिकामी जागा त्याला दिसत होती, आणि तिच्यावरून नजर काढणं काही केल्या जमत नव्हतं.